आमच्याकडे प्रेशर नाही

मित्रांनो, मी एक जुना रक्तदाबमापक आहे. नाव भारदस्त आहे खरं, पण त्या नावाने मला आजवर कुणी हाक मारलेली नाही. कुणी ‘डबा’ म्हणतं, कुणी ‘पाऱ्याचं मशीन’, आणि लहान मुलं ‘हात दाबायचं खेळणं’ म्हणतात. मी कशालाही ओ देतो. एक लोखंडी पेटी, तिच्या झाकणाला उभी काचेची नळी, तळाशी थोडासा पारा, एक कापडी पट्टा आणि एक रबरी फुगा, एवढाच माझा संसार. पट्टा दंडाला गुंडाळून फुगा दाबला की पारा नळीत वर चढतो. मग हवा हळूहळू सोडायची आणि नाडीचा ठोका कुठे ऐकू यायला लागतो, कुठे थांबतो, ते नळीवरच्या रेघांवर बघायचं. अंगातलं रक्त किती जोराने रेटतंय, ते मी असं सांगतो. जेवढं असेल तेवढंच सांगतो.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पारा भरून झाल्यावर कारागिराने मला एका खात्रीच्या जुन्या मापकाशेजारी उभं केलं आणि दोघांना एकाच वेळी फुगवलं. आमच्या रेघा तंतोतंत जुळल्या. तो खूश होऊन म्हणाला, ‘हा कुणाची भीड धरणार नाही.’ जन्मतःच अशी शाबासकी मिळाली म्हणून मी जरा शेफारलो. पण त्याच दिवशी मला एक खोडही लागली. ‘किती?’ या प्रश्नाचं उत्तर मला येतं. ‘का?’ याचं येत नाही. आणि जे आपल्याला येत नाही त्याचीच मेली ओढ फार. तेव्हापासून मी दंड बघितला की मनात म्हणतो, बाबा रे, तुझा पारा इतका का?

माझी पहिली नोकरी एका डॉक्टरकाकांकडे होती. त्यांचा दवाखाना रुंद रस्त्यावर, दाट झाडांच्या सावलीत होता. सकाळी फिरून आलेली मंडळी तिथे टेकायची, गप्पा मारायची आणि हात पुढे करायची. एकदा एका आजोबांचा पारा बराच वर दिसला. डॉक्टरकाका म्हणाले, ‘आजोबा, पारा चढलाय तुमचा.’ आजोबा बायकोकडे बोट दाखवून म्हणाले, ‘काहीतरी चुकतंय डॉक्टर. आमच्या घरात पारा हिचा चढतो!’ आजीबाईंनी असं काही बघितलं की आजोबांचा पारा जागच्या जागी उतरला असावा. डॉक्टरकाकांचा सल्ला ठरलेला असे. मीठ कमी करा, रोज चाला, शांत झोपा, गोळी चुकवू नका. महिन्याभराने तेच आजोबा यायचे आणि पारा खाली आलेला असायचा. मला वाटलं, सुटलं कोडं! जग इतकं सोपं असतं तर काय हवं होतं!

मग दवाखान्यात सेलवर चालणारं एक गुळगुळीत पांढरं यंत्र आलं. बटण दाबलं की आकडा हजर. मी गेलो खणात. डोक्यावर जुनी वर्तमानपत्रं, अंगावर धूळ. मित्रांनो, कामाच्या माणसाला विश्रांती गोड लागते, पण विसरलं जाणं लागत नाही. मी खणात पडल्या पडल्या बाहेरचे आवाज ऐकायचो आणि कोण आलं असेल याचे अंदाज बांधायचो. तेवढाच विरंगुळा.

पुढे डॉक्टरकाका थकले आणि दवाखाना बंद झाला. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या सिस्टरला शहराच्या दुसऱ्या टोकाला, टेकडीवरच्या वस्तीत, आरोग्य केंद्रात नोकरी लागली होती. निरोप घ्यायला ती आली तेव्हा काकांनी मला खणातून काढून पुसलं आणि तिच्या हातात ठेवलं. ‘घेऊन जा. याला सेल लागत नाहीत. पारा तेवढा सांडू देऊ नकोस, विषारी असतो.’ सिस्टरने मला पिशवीत असं काही जपून ठेवलं की माझा सगळा रुसवा पळाला.

आता ही वस्ती कशी होती ते ऐका. खाली मोठा पूल, त्यावरून दिवसरात्र मालगाड्यांसारखे लांबच लांब ट्रक. पुलाच्या कडेला आमचं केंद्र, म्हणजे एक खोली, दोन खुर्च्या आणि एक बाक. खोलीच्या खिडकीसमोर खालची गल्ली. तिथून उभ्या, तुटक्या पायऱ्या चढून गेलं की वरची गल्ली. घरं एकमेकांना इतकी चिकटलेली की एका घरात शिंक आली तर शेजारच्याने ‘सर्दी झाली का?’ म्हणून विचारावं.

इथे पहिल्या काही दिवसांतच मी चक्रावलो. डॉक्टरकाकांकडे पारा चढायचा तो बहुतेक पिकल्या केसांचा. इथे काळ्याभोर केसांचाही चढत होता. गाड्या धुणारा, शिलाईवाली, हमाल, सगळे ऐन उमेदीतले, आणि पारा आजोबांच्या वर! का? माझी खोड जागी झाली.

आधी वाटलं, पायऱ्या चढउतार करून येतात, म्हणून असेल. पण सिस्टर प्रत्येकाला आधी बाकावर शांत बसवायची. पाय जमिनीवर, पाठ टेकलेली, बोलायचं नाही. तरी पारा वरच. मग वाटलं, आपल्या भाषेत रागाला ‘पारा चढला’ म्हणतात, तेव्हा ही माणसं तापट असणार. पण तसंही नव्हतं. एक आजी यायची, इतकी भांडकुदळ की बाकाशीही भांडायची. तिचा पारा अगदी शहाण्यासारखा जागेवर. आणि ती शिलाईवाली, जिच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता, तिचा पारा बघून सिस्टरने दोनदा मोजलं. म्हणजे नाकावरच्या रागाचा आणि नळीतल्या पाऱ्याचा काही संबंध नाही. हे कळलं आणि भाषेवरचा माझा विश्वास जरा उडाला.

मग मी आजूबाजूला नीट बघायला लागलो. पुलावरून जड ट्रक गेला की टेबलावर माझा पारा नळीत थरथरायचा. मी म्हटलं, माझी ही गत, तर रात्रभर पुलाला उशाशी घेऊन झोपणाऱ्यांच्या रक्ताची काय गत होत असेल? सिस्टरने एका हमालाला विचारलं, ‘झोप लागते का?’ तो म्हणाला, ‘लागते की, तुकड्या तुकड्याने.’ कोपऱ्यावरच्या दुकानात खारट पाकिटांच्या माळा लटकलेल्या होत्या. सिस्टर म्हणाली, ‘पालेभाजी खात जा हो.’ तर एक बाई म्हणाली, ‘भाजीवाल्याची गाडी पायऱ्या चढत नाही, सिस्टर. पाकिटं चढतात.’ मी हे सगळं मनात साठवत होतो. एका कोड्याची इतकी उत्तरं असू शकतात, हे मला खणात पडून कधीच कळलं नसतं.

पण गंमत पुढेच आहे. आमच्या खिडकीसमोर खालच्या गल्लीचे नळ होते. रोज सकाळी सिस्टर यायच्या आधी तिथे बायकांची गर्दी व्हायची, आणि मी कपाटाच्या फटीतून ऐकायचो.

‘आज प्रेशर आहे का गं?’

‘कालच्यापेक्षा बरंय.’

‘माझ्याकडे तर धो धो आहे!’

मी कान टवकारले. रक्तदाबाला साधी माणसं ‘प्रेशर’ म्हणतात हे मला डॉक्टरकाकांकडे असल्यापासून ठाऊक होतं. म्हटलं, काय ही जागरूक वस्ती! उठल्या उठल्या एकमेकींच्या तब्येतीची चौकशी! अशा ठिकाणी आपल्याला नोकरी मिळाली, भाग्य लागतं. मी अगदी फुगून बसलो. तेवढ्यात एकीने हाक मारली, ‘प्रेशर आलं की माझ्या दोन बादल्या भरून ठेव हां!’

प्रेशर बादलीत?

मग प्रकाश पडला. इथे प्रेशर म्हणजे पाण्याचा जोर. नळाला धार बरी असली की प्रेशर आहे, नुसतं ठिबकलं की प्रेशर नाही. माझी त्यात काही भूमिकाच नव्हती. मी जो उतरलो तो अगदी शून्यावर. पण ही गोष्ट मला कळली तरी सिस्टरला कळायचा काही मार्ग नव्हता. ती यायची तेव्हा नळ बंद झालेला असायचा, आणि ओला रस्ता तेवढा उरलेला असायचा.

आणि नेमकं तिथेच घोडं पेंड खायला लागलं.

केंद्राच्या साहेबांनी सिस्टरला सांगितलं, ‘वस्तीत घरोघर फिरा, रक्तदाबाचे रुग्ण कुठे जास्त आहेत ते बघा, तिथे शिबिर घेऊ.’ सिस्टरने पहिल्या एक-दोन दारांत ‘बीपी’ म्हणून विचारलं, तर माणसं घाबरून दार ओढून घ्यायला लागली. बीपी निघालं तर काम जाईल, अशी धास्ती. म्हणून तिने डॉक्टरकाकांकडे येणाऱ्या आजोबांचा सोपा शब्द काढला. ‘घरात कुणाला प्रेशर आहे का?’

खालच्या गल्लीत दारं आनंदाने उघडली. ‘आहे की! भरपूर आहे. तक्रार नाही आपली.’ सिस्टर मनात म्हणाली असेल, दुखणंही हसत सांगतात, किती मोठ्या मनाची माणसं! तिने मला काढून तिथे एकेकाला मोजलं. मग आम्ही वर गेलो.

‘प्रेशर? आमच्याकडे? छे हो, आमच्याकडे प्रेशर नाही. सगळं प्रेशर खालच्या गल्लीला.’

पुढच्या दारात एक बाई म्हणाली, ‘मी लग्न होऊन आले तेव्हा थोडं होतं. आता अजिबात नाही.’

त्याच्या पुढच्या दारात एक म्हातारे म्हणाले, ‘वडिलांच्या वेळी होतं म्हणतात. पुढे कुणाला मिळालंच नाही.’ सिस्टरने समजुतीने मान डोलावली.

एका घरात तिने तरीही मला बाहेर काढलं, तर घरधन्याने हात पाठीमागे घेतला. ‘नाही म्हटलं ना? मग हात दाखवून अवलक्षण कशाला?’ मी पेटीत नुसता तडफडत होतो. अगं बाई, ते नळाचं सांगताहेत! पण माझ्याकडे आवाज कुठला? पट्ट्यातून हवा सोडताना फुस्स होतं, तेवढंच. ध चा मा झाला आणि मी बघत राहिलो.

खाली येऊन सिस्टर साहेबांना म्हणाली, ‘वरची गल्ली ठणठणीत आहे. हवा मोकळी, रोज पायऱ्या चढतात, व्यायाम होतो.’ साहेब म्हणाले, ‘उत्तम! शिबिर खालीच घ्या.’ खालच्या गल्लीत मांडव पडला, डॉक्टर आले, गोळ्या वाटल्या. वरच्या गल्लीच्या दंडाला मी शिवलोही नाही.

वरच्या गल्लीच्या तोंडाशीच अक्काचं इस्त्रीचं टेबल होतं. डोक्यावर पत्रा, समोर कोळशाची जड इस्त्री, पाठीशी तापलेली भिंत. तिथून हातभर अंतरावर उभं राहिलं तरी कान गरम व्हायचे. सिस्टर बाळांना लस द्यायला वर जायची तेव्हा धापा टाकत अक्काच्या टेबलावर पिशवी ठेवायची. पिशवीत मी. म्हणून अक्का माझ्या चांगल्या ओळखीची. या बाईला मी कधी रागावलेलं ऐकलं नाही. गिऱ्हाईक उशिराबद्दल बोललं तरी म्हणायची, ‘बरोबर आहे तुमचं, बसा, पाच मिनिटांत देते.’ तिच्या हातची घडी अशी असायची की कपडा उलगडायला जीव होऊ नये. मला ती फार आवडायची.

एके दिवशी ती हसत हसत म्हणाली, ‘सिस्टर, आज गंमतच झाली. एका कॉलरच्या दोन कॉलर दिसल्या. मी इस्त्री ठेवली खोटीवर आणि जळली खरी!’

सिस्टरही हसली. ‘चष्मा करून घ्या, अक्का.’

‘करायचाय. आणि हे डोकं मेलं सकाळपासून ठणकतं. पत्र्याखाली, कोळशाशेजारी दिवस काढायचा. डोकं दुखणार नाही तर काय नाचणार?’

‘झोप तरी होते का?’

‘नळाची मर्जी असेल तर होते.’

सिस्टरला वाटलं, ही काहीतरी थट्टा. मला थट्टा वाटली नाही. वरच्या गल्लीत पाणी कधी चढेल त्याचा नेम नव्हता. खालच्या गल्लीतले सगळे निजले, त्यांचा वापर थांबला, की रात्री कधीतरी भलत्या वेळी वरचा नळ ठिबकायचा. म्हणून अख्खी गल्ली एक कान नळाकडे ठेवून झोपायची, आणि अक्का तर दोन्ही. हे मी तिच्या आणि तिच्या सुनेच्या बोलण्यातून ऐकलं होतं. एका कॉलरच्या दोन दिसणं, डोकं ठणकणं, तुटकी झोप, वर कोळशाची धग. डॉक्टरकाकांच्या टेबलावर इतकी वर्षं काढलेल्या मला त्याचा अर्थ कळत होता. माझा पट्टा पिशवीत, तिचा दंड पिशवीशेजारी. वीतभर अंतर. मी आयुष्यात कधी काही मागितलं नाही, पण त्या दिवशी मनात म्हणालो, कुणीतरी मला बाहेर काढा! सिस्टरने पिशवी उचलली आणि आम्ही खाली उतरलो. त्या दिवशी मला खरोखर रडू आलं असतं, पण पारा सांडायची मनाई होती.

मग एका दुपारी अक्काची सून केंद्रात आली. सून म्हणजे हजरजबाबी, कुणाच्या बापाला न भिणारी. दारातच कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

‘सिस्टर, तुमच्या खात्याचं काय ठरलं?’

‘कशाचं?’

‘प्रेशरचं हो! घरोघर विचारून गेलात. आम्ही खरं खरं सांगितलं, आमच्याकडे प्रेशर नाही. पुढे काय झालं? खाली मांडव टाकलात, डॉक्टर बोलावलेत. म्हणजे ज्यांच्याकडे प्रेशर आहे त्यांनाच अजून द्यायचं, आणि आमच्या नळाने काय घोडं मारलंय?’

‘नळाने?’ सिस्टर म्हणाली.

‘मग! पाणीखात्यानेच पाठवलं होतं ना तुम्हाला घरोघर?’

सिस्टरला हसू फुटलं. ती तोंडावर हात धरून हसायला लागली आणि हसता हसता एकदम थांबली. तिच्या तोंडचं पाणी पळालं. वरची सगळी गल्ली, एकेक दार, ‘आमच्याकडे प्रेशर नाही’, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं असणार. मग तिने हळू आवाजात विचारलं, ‘अक्कांचं डोकं अजून दुखतं का?’

‘आज तर फारच. मळमळतंय म्हणाल्या. एका डोळ्यापुढे धुकं आलंय म्हणाल्या. तरी उभ्याच आहेत टेबलाशी, ऐकतील तर शपथ.’

सिस्टरने पिशवी उचलली आणि पायऱ्यांवर धावत सुटली. मी पिशवीत असा आपटत होतो की वाटलं, नळी फुटते आता. फुटली असती तरी चाललं असतं, पण एकदा मोजून झाल्यावर.

अक्काला तिने इस्त्री खाली ठेवायला लावली, खुर्चीवर बसवलं, बाही सरकवून पट्टा बांधला. फुगा दाबला. नेहमीच्या उंचीला थांबून मनगट धरलं, तर नाडी अजून उडतच होती. आणखी दाबला. अजून नाडी होतीच. माझ्या नळीचा तो वरचा भाग कित्येक वर्षांत भरला नव्हता, तिथे माझा पारा जाऊन पोचला. मग हवा सुटायला लागली आणि लगेच, दोनशेच्या कितीतरी वरच, ठोका ऐकू आला. मला लहान आकडा सांगायचा मोह झाला, मित्रांनो. पण कारागिराचा शब्द होता. मी खरं तेच सांगितलं.

अक्का डोळे मिटून म्हणाली, ‘काय म्हणतंय यंत्र? आलं का प्रेशर?’

‘आलंय, अक्का,’ सिस्टर म्हणाली, ‘पण भलतीकडेच आलंय.’

रुग्णवाहिका पुलापाशी आली, पण पायऱ्या काही तिला चढता येईनात. भाजीची गाडी चढत नव्हती, ही कुठली चढणार? शेवटी गल्लीतल्या चौघांनी अक्काला खुर्चीसकट उचललं आणि सून पुढे ‘सांभाळून, सांभाळून’ करत उतरली. अक्का म्हणत होती, ‘अगं, कोळसे विझवा, कुणाचा तरी सदरा तसाच आहे.’ सून रडत रडत ओरडली, ‘सदऱ्याचं राहू द्या हो, आई!’

मोठ्या इस्पितळात अक्का कित्येक दिवस होती. त्या दिवसांत मी कुणाचाही दंड मोजला तरी माझं लक्ष दाराकडे असायचं. सून येईल, काय बातमी आणेल? एकदाची ती आली आणि बाकावर धप्पकन बसली. ‘वाचल्या,’ म्हणाली. ‘डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर मेंदूत रक्त फुटलं असतं. जिवावरचं डोळ्यावर निभावलं.’ अक्काच्या एका डोळ्याची नजर बरीचशी गेली ती गेलीच.

त्याच दिवशी सिस्टरने मला पिशवीत घातलं आणि आम्ही वरच्या गल्लीत पहिल्या दारापासून सुरुवात केली. या वेळी तिने कुणाला काही विचारलं नाही. ‘हात पुढे करा,’ एवढंच म्हणाली. आणि मी मोजत गेलो. जवळजवळ घरटी एक पारा चढलेला होता. जी गल्ली ठणठणीत म्हणून गाजली होती, तिच्यात खालच्यापेक्षा जास्त माणसं दुखणं अंगाखांद्यावर वागवत होती, आणि एकालाही त्याची खबर नव्हती.

सिस्टर डॉक्टरकाकांचाच सल्ला देऊ लागली. पण इथे तो सल्ला दारातच अडखळला. ‘रोज चाला,’ म्हटलं तर एक बाई म्हणाली, ‘दोन बादल्या घेऊन खालून वर करते, अजून कुठे चालू?’ ‘शांत झोपा,’ म्हटलं तर सगळ्यांनी मिळून नळाकडे बोट दाखवलं. तिकडे झाडांच्या रस्त्यावर चालणं, झोपणं ज्याचं त्याच्या हातात होतं. इथे चावी दुसऱ्याच्याच हातात होती. म्हणजे खरोखरची चावी. पाण्याचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्याला वस्तीत ‘चावीवाला’ म्हणतात, त्याच्या हातात.

सिस्टरने त्या चावीवाल्याला गाठलं. ‘वरच्या गल्लीला आधी पाणी का सोडत नाही?’ तो कसनुसा हसून म्हणाला, ‘वरचा व्हॉल्व्ह पार टोकाला आहे, सिस्टर. अर्ध्यात धाप लागते, डोळ्यापुढे अंधारी येते. म्हणून खालीच दोन्हीकडचं एकदम सोडतो. मग पाणी काय, उताराला पळतं.’ सिस्टर म्हणाली, ‘हात पुढे करा.’ आणि काय सांगू, त्याचाही पारा भलताच वर! तो डोकं खाजवत म्हणाला, ‘म्हणजे माझं प्रेशर जास्त, म्हणून यांचं कमी?’ सून तिथेच होती. म्हणाली, ‘आता तरी औषध घ्या, अख्खी गल्ली तुमच्या गोळीवर टांगलीय!’

इतक्या सहज सगळं सुटलं असं समजू नका. त्याची गोळी सुरू झाली, पण वरचा व्हॉल्व्ह गंजून अर्ध्यात अडकलेला निघाला. तो बदलायला सून आणि गल्लीतल्या बायकांनी पाणीखात्याच्या पायऱ्या झिजवल्या, आणि सिस्टर त्यांच्याबरोबर मला घेऊन गेली. तिथल्या साहेबाने विचारलं, ‘पाण्याच्या तक्रारीत रक्तदाबाचं मशीन कशाला?’ सिस्टर म्हणाली, ‘तुमचा नळ आणि आमची ही नळी एकच दुखणं सांगतात, साहेब.’ त्याला ते पटलं की तो कंटाळला, देव जाणे. पण व्हॉल्व्ह बदलला. आता आधी वरच्या गल्लीला पाणी सुटतं, मग खालच्या गल्लीला, आणि तेही उजेडी. उन्हाळ्यात धार अजून बारीक होते. पूल आहे तिथेच आहे, ट्रकही आहेत. पण वरची गल्ली आता दोन्ही कान उशीला टेकून झोपते.

अक्का परत आली. टेबल पत्र्याखालून काढून भिंतीच्या सावलीत मांडलं. ती एका डोळ्याने बघते, सकाळपुरतंच काम करते आणि घडी पूर्वीसारखीच घालते. महिन्यातून एकदा माझ्याकडे येते. पारा बराच खाली आलाय. मला मात्र चैन नाही. हा उतार गोळीचा किती, झोपेचा किती, सावलीचा किती? सिस्टरलाही हाच प्रश्न पडला असावा, कारण ती एकदा म्हणाली, ‘गोळीला विचारलं तर म्हणेल माझ्यामुळे, नळाला विचारलं तर म्हणेल माझ्यामुळे.’ हे कोडं काही मला सुटलेलं नाही. त्यात दुःख नाही, उलट सोबत आहे.

आता माझेही दिवस भरले आहेत. पारा विषारी, म्हणून आमच्या जातीला सगळीकडे निवृत्त करताहेत, आणि ते योग्यच आहे. केंद्रात बटणाचं नवं यंत्र आलंय. मला लवकरच नीट बंद करून, पारा न सांडता, जपून घेऊन जातील. तोवर मी खिडकीशेजारच्या फळीवर आहे. मी जाणार हे कळल्यावर अक्काने हट्टाने एकदा माझाच पट्टा बांधून घेतला आणि जाताना माझी पेटी पदराच्या टोकाने पुसली. कारखान्यातल्या शाबासकीपेक्षा मला तेच मोठं वाटलं.

मित्रांनो, जाता जाता एवढंच मागतो. घरातली मोठी माणसं ‘मला काही होत नाही’ म्हणतील, ‘उन्हाचं आहे, दमणुकीचं आहे’ म्हणतील. त्यांच्या शब्दांवर जाऊ नका. त्यांचा हात हातात घ्या आणि मोजायला न्या. आकडा कळला की तिथेच थांबूही नका. हा माणूस झोपतो कुठे, पाणी आणतो कुठून, उन्हात उभा किती वेळ राहतो, तेही बघा. ‘किती’ हे यंत्र सांगेल. ‘का’ हे तुम्हालाच विचारावं लागेल, कारण तुम्हाला पाय आहेत आणि तोंडही.

हे बघा, उजाडलं. वरच्या गल्लीतून अक्काची खणखणीत हाक येतेय, ‘प्रेशर आलं गं, प्रेशर आलं!’ रोज ऐकतो, रोज फसतो. क्षणभर वाटतं, मलाच बोलावताहेत. मग बादलीत पाण्याची धार वाजते, आणि मी पुन्हा निवांत होतो.